तळमजला

मराठीत ‘बिऱ्हाड’ हा मोठा सोयीचा शब्द आहे. घर म्हटले की भिंती, मालकी, वारसा या गोष्टी मनात येतात. बिऱ्हाड म्हटले की माणसे, ट्रंका, पाण्याची पिंपे, देवांचा डबा आणि दाराशी उभा असलेला टांगा, टेंपो किंवा ट्रक. बिऱ्हाड मांडता येते, हलवता येते, आणि विंचवाची साक्ष काढायची तर पाठीवरही घेता येते. रायपूरच्या हिंदीत या शब्दाला नेमकी जोड नाही. तिथे ‘किराये का मकान’ असतो. म्हणजे आधी किराया येतो, मग मकान येते, आणि त्यात राहणारा माणूस शब्दाच्या बाहेरच उभा राहतो. भाषेच्या या फरकावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत हे खरे. पण ज्याला त्या शहरात घर शोधण्याची पाळी आली आहे त्याला तो फरक पहिल्या आठवड्यातच कळून चुकतो.

वास्तविक रायपूर हे बिऱ्हाडकरूंचेच गाव. नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी १७५८ साली छत्तीसगडात आले ते रतनपूरला राहिले, आणि त्यांच्या मागोमाग कारकून, शिलेदार, भिक्षुक अशी मराठी माणसे या मुलखात उतरली. १८१८ नंतर कंपनी सरकारच्या देखरेखीच्या काळात कर्नल अ‍ॅग्न्यूने कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपूरला हलवले, तेव्हा कचेरीबरोबर कचेरीवर जगणारी माणसेही हलली. तात्यापारा या वस्तीच्या नावातला तात्या अजून कानाला मराठी लागतो. ‘पारा’ म्हणजे आळी, हे मात्र तिकडचे. पुढे १८७७ मध्ये कलकत्त्याचे वकील विश्वनाथ दत्त कामानिमित्त रायपूरला आले व त्यांनी कुटुंबही बोलावून घेतले. रेल्वे अजून रायपूरपर्यंत पोचली नव्हती. अखेरचा मोठा टप्पा बैलगाडीने पंधरवड्याहून अधिक दिवसांत काटला गेला. त्या गाडीत चौदा वर्षांचा नरेंद्र होता. बूढापाऱ्यातल्या ज्या घरात हे कुटुंब राहिले असे सांगतात, ते घर आजही लोक बोट दाखवून ओळखतात. जवळच्या तळ्यालाही आता विवेकानंदांचे नाव आहे. दोन वर्षांच्या बिऱ्हाडाची एवढी आठवण दुसऱ्या एखाद्या गावाने क्वचितच ठेवली असेल.

गंमत अशी की १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले, तेव्हा ते राज्यही प्रथम बिऱ्हाडकरू म्हणूनच रायपुरात आले. मंत्रालय थाटले गेले ते दाऊ कल्याणसिंह यांच्या नावाच्या रुग्णालयाच्या इमारतीत. विधानसभेचे पहिले अधिवेशन त्या डिसेंबरात राजकुमार महाविद्यालयाच्या आवारात भरले. राज्याला जागा मिळाली, कारण राज्याला कोणी ‘आपण कोण, कुठले, घरात माणसे किती’ असे विचारत नाही. राज्याच्या पाठोपाठ जे हजारो अधिकारी, कारकून, ठेकेदार, डॉक्टर आणि विद्यार्थी आले, त्यांना मात्र विचारले गेले. १९०१ च्या शिरगणतीत ज्या गावात बत्तीस हजार माणसे होती, तिथे २०११ साली दहा लाखांवर झाली होती.

अशा या शहरी नागपूरहून बदली होऊन आलेल्या एका गृहस्थांना घर मिळवायला साडेतीन महिने लागले. त्यांची गरज ऐकणाऱ्याला अगदी साधी वाटे. पत्नी, शाळेत जाणारी एक मुलगी, सत्तरी ओलांडलेली आई; दोन खोल्या व स्वयंपाकघर; आणि एक जुनी मोटार उभी करायला जागा. मोटार हौसेची नव्हती. आईची मूत्रपिंडे निकामी होत आली होती. आठवड्यातून दोन दिवस, सोमवारी व गुरुवारी, तिला पहाटे ताटीबंधच्या बाजूला डायलिसिससाठी न्यावे लागणार होते. चार तास यंत्राला जोडलेले माणूस रिक्षात उभे-आडवे बसवून आणता येत नाही, हे नागपूरच्या सहा महिन्यांत त्यांनी अनुभवले होते. मोटार घेतली होती ती त्यासाठी. आणि तिच्या गुडघ्यांनी जिने चढण्याचे केव्हाच सोडून दिले होते. तेव्हा मागणी दोनच ओळींची होती: तळमजला हवा, आणि गाडीला जागा हवी.

दलालाने पहिल्याच भेटीत डोके हलवले. “साहब, दोनों साथ में मुश्किल है.” गृहस्थांना वाटले, भाव वाढवण्याची ही रीत असावी. पण तो प्रामाणिक माणूस होता, आणि पुढच्या पंधरा दिवसांत त्याने जी घरे दाखवली त्यांनी त्याचे म्हणणे सिद्ध केले.

शंकरनगर, देवेंद्रनगर, कटोरा तालाब या भागांत अपार्टमेंटे पुष्कळ. ती सगळी खांबांवर उभी. खाली सिमेंटची फरशी, पिवळे पट्टे, प्रत्येक पट्ट्यात सदनिकेचा क्रमांक. माणसे पहिल्या मजल्यापासून सुरू होतात. एका ठिकाणी लिफ्ट होती. पण ती जिथून सुटे तो मजला जमिनीपासून सात पायऱ्या वर. त्या सात पायऱ्या कशासाठी, असे विचारल्यावर रखवालदार म्हणाला, पावसाळ्यात पाणी यंत्रात शिरू नये म्हणून. यंत्राची काळजी योग्यच होती. जिथे लिफ्ट थेट जमिनीला टेकत होती तिथले भाडे गृहस्थांच्या घरभाडे-भत्त्याच्या दुपटीहून अधिक होते, आणि ‘पार्किंग का अलग’ हे शेवटी हळूच सांगितले जाई. खांबांमधली अशी जागा स्वतंत्र गाळा म्हणून विकता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मुंबईच्या एका प्रकरणात, महाराष्ट्राच्या सदनिका कायद्याचा अर्थ लावताना दिलेला आहे. पण निकाल दिल्लीत लागतो, आणि पट्टे रायपुरात मारले जातात; शिवाय विकणे निराळे, भाड्याच्या हिशेबात मिसळणे निराळे.

समता कॉलनीसारख्या वसाहतींत स्वतंत्र बंगले आहेत. तिथे घरमालक स्वतः खाली राहतात आणि वरचा मजला भाड्याने देतात. यात गैर काही नाही. घरमालकांचेही गुडघे असतात. पोर्चमध्ये त्यांच्या दोन मोटारी, फाटकाबाहेर नालीवर टाकलेल्या फरशीवर मुलाची तिसरी. भाडेकरूने आपली गाडी समोरच्या रिकाम्या प्लॉटवर लावावी, आणि त्या प्लॉटवर बांधकाम सुरू झाले की मग पाहावे, असे सांगण्यात येई.

राष्ट्रीय इमारत संहितेने मोटारीला आखून दिलेली जागा पाच मीटर लांब व पावणेतीन मीटर रुंद, म्हणजे पावणेचौदा चौरस मीटर धरलेली आहे. माणसाने राहायच्या खोलीसाठी त्याच संहितेने सांगितलेले किमान क्षेत्रफळ साडेनऊ चौरस मीटर. हे आकडे शेजारी मांडून कोणी लगेच संतापू नये. मोटारीचे दार उघडावे लागते, तिला वळावे लागते, आणि ती माणसासारखी अंग चोरून कोपऱ्यात बसू शकत नाही. शिवाय गाड्या रस्त्यावर उभ्या राहण्यापेक्षा इमारतीखाली उभ्या राहिलेल्या बऱ्या, या विचाराने नगररचनाकारांनी हे नियम केले. त्यांचा हेतू चांगलाच होता. पण परिणाम असा झाला की जमिनीला लागून असलेला मजला, म्हणजे जिथे म्हातारी माणसे उन्हात बसत, रांगती मुले पडली तरी फार लागत नसे, आणि दारात आलेल्या माणसाशी उठून न जाताही बोलता येई, तो मजला नव्या शहरात कोणाच्या राहण्याचा उरला नाही. मराठी घराची ओसरी आणि छत्तीसगडी घराची परछी, दोन्ही एकाच वेळी गेल्या, आणि त्यांच्या जागी उभी असलेली वस्तू दिवसाचे बावीस तास नुसती उभी असते. या गृहस्थांच्या बाबतीत गोष्ट अधिकच अवघड होती. आईसाठी घेतलेली गाडीच आईची जागा मागत होती.

मे महिन्याच्या मध्यावर एक घर जवळजवळ ठरले. पचपेडी नाक्याच्या पलीकडे एका वसाहतीत निवृत्त सद्‌गृहस्थांचा नवा बंगला, ते स्वतः मुलाकडे परगावी जाणार असल्याने खालचा भाग रिकामा, फाटक रुंद, आत गाडी सहज जाईल. उंबऱ्याला एकच पायरी. गृहस्थ त्या दिवशी आईला व पत्नीला बरोबर घेऊन गेले होते. ऊन रणरणते, म्हणून आई गाडीतच बसली. काच खाली होती. नेहमीचे प्रश्न झाले. नोकरी कायमची का, जात कोणती, खाणे कसे, पाहुण्यांचा राबता किती. रायपुरात काय किंवा पुण्यात काय, हे प्रश्न इतके रुळले आहेत की विचारणाराला संकोच वाटत नाही आणि सांगणाराला राग येत नाही. दोघेही गुन्ह्यातले भागीदार असल्यासारखे हसतात. मग मालकांनी गाडीकडे पाहून विचारले, “माताजी की तबीयत?” गृहस्थांनी सांगून टाकले. मालक भला माणूस होता. त्यांनी पाणी दिले, सरबत दिले, डायलिसिसविषयी आस्थेने चौकशी केली, आपल्या एका नातलगाचे उदाहरणही सांगितले. आणि शेवटी, फाटकापर्यंत पोचवायला आल्यावर, आवाज खाली आणून म्हणाले की घराची वास्तू नुकतीच झाली आहे, घरच्या बायकांचे मन मोठे नाजूक असते, पुढे काही बरे-वाईट झाले तर… आपण समजू शकता.

गृहस्थांना समजले. गाडीत बसल्यावर पाचसात मिनिटे कोणी बोलले नाही. मग आई म्हणाली, “सरबतात मीठ जास्त होतं का रे? मला चालत नाही म्हणून विचारलं.” तिने सरबत घेतलेच नव्हते.

भाड्याच्या घरांसाठी कायदे नाहीत असे नाही. मध्य प्रदेशाचा १९६१ चा कायदा पन्नास वर्षे लागू होता; छत्तीसगडने २०११ मध्ये आपला स्वतंत्र भाडे नियंत्रण कायदा केला, भाडे नियंत्रक नेमले, न्यायाधिकरण केले. त्या कायद्यात अशीही एक तरतूद होती की न्यायाधिकरणाच्या निर्णयावरचे अपील थेट सर्वोच्च न्यायालयात जावे. म्हणजे घरमालक व भाडेकरू यांचे भांडण बिलासपूरचे उच्च न्यायालय ओलांडून एका उडीत दिल्लीला पोचावे. राज्याच्या विधिमंडळाला असा अधिकार नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद २०१९ मध्ये रद्द केली. या सगळ्या धडपडीत गंभीर हेतू आहे आणि तिची थट्टा करणे बरे नव्हे. पण ती सारी घरात शिरलेल्या माणसाविषयी आहे. त्याला बाहेर कसे काढावे किंवा काढू नये याविषयी. फाटकाशी सरबत पिऊन परत जाणाऱ्या माणसाला त्या कायद्यात कलम नाही, आणि ते कसे लिहावे हेही सांगणे कठीण.

रायपुरात या विषयावरचे सर्वांत जुने आणि नेमके लेखन कायद्यात नाही, एका गोष्टीत आहे. आणि ती एका मराठी माणसाने हिंदीत लिहिलेली आहे. माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढले आणि पुढच्या वर्षी त्यात ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही दीडदोन पानांची गोष्ट छापली. हिंदीतल्या पहिल्या कथांमध्ये तिची गणना होते. महालाचे आवार वाढवण्यासाठी जमीनदार एका विधवेची झोपडी कज्जे करून बळकावतो. ती परत येते ती झोपडी मागायला नव्हे. नात दुसरीकडे जेवत नाही, म्हणून आपल्या जुन्या घरातली टोपलीभर माती चुलीसाठी मागायला येते. टोपली उचलून देण्याची विनंती ती जमीनदारालाच करते, आणि ती त्याला उचलत नाही. सप्र्यांनी पुढे ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हे ग्रंथ हिंदीत नेले, त्यांचे अखेरचे दिवस रायपुरातच गेले. पण या छोट्या गोष्टीत त्यांनी जे पाहिले ते त्यांच्या मोठ्या कामाहून कमी नाही. जमीनदाराला झोपडी हवी होती ती राहायला नव्हे, आवाराला. आजच्या भाषेत तिथे बहुधा दोन गाड्या उभ्या राहिल्या असत्या. आणि म्हातारी टोपली घेऊन आलीच असती, तर खाली सिमेंटचे ठोकळे बसवलेले; भरायला माती कुठली?

याच शहरात राहून लिहिणाऱ्या विनोदकुमार शुक्ल यांच्या १९७९ च्या ‘नौकर की कमीज’ या कादंबरीतला कारकूनही भाड्याच्या घरात राहतो, आणि त्याची बायको हळूहळू मालकांच्या घरच्या कामात ओढली जाते. तिथे कोणी जुलूम करताना दिसत नाही. सगळे जण बरेच सौजन्याने वागतात. सौजन्यानेच बहुतेक गोष्टी घडतात हे त्या लेखकाने ओळखले होते.

गृहस्थांनी नवा रायपूरही पाहून घेतले. मंत्रालय २०१२ मध्ये तिकडे गेले, पुढे त्या नगराला अटलबिहारी वाजपेयींचे नाव दिले गेले. रस्ते सहा-सहा पदरी, दुतर्फा झाडे, गृहनिर्माण मंडळाची घरे. तळमजला मिळत होता. गाडीला तर मैदान होते. पण जुन्या शहरापासून अंतर वीसेक किलोमीटर, आणि ताटीबंध शहराच्या अगदी दुसऱ्या टोकाला. आईने गॅलरीतून बराच वेळ रस्त्याकडे पाहिले. तेवढ्या वेळात एक सायकलवाला गेला. “घर छान आहे,” ती म्हणाली, “पण मला एकटीला ठेवून तुम्ही तिघं बाहेर गेलात, तर मी हाक कुणाला मारू?”

हे ती सहज म्हणाली नव्हती. तिचे माहेर रायपूरचे. ब्राह्मणपाऱ्यात तिच्या वडिलांचे बिऱ्हाड होते, आणि तेही भाड्याचेच. लग्न होऊन ती नागपूरला गेली त्यानंतर पाच दशके तिचे इकडे येणे झाले नव्हते. मुलाने ब्राह्मणपारा आणि तात्यापारा सुरुवातीलाच वगळले होते. गल्ल्या अरुंद, घरे जुनी, मोटार आत जाणे अशक्य; शारदा चौकापासून तात्यापाऱ्यापर्यंतचा रस्ता रुंद करण्याची चर्चाच वर्षानुवर्षे चाललेली. गाडी जिथे जात नाही तिथे घर पाहायचे कशाला? तिने मात्र त्या रात्री विचारले, “गाडी घरातच उभी राहायला हवी असं कुणी सांगितलंय?”

जूनच्या पहिल्या पावसानंतर जे घर मिळाले ते ब्राह्मणपाऱ्यातल्या एका गल्लीत. मालकीणबाई मराठी, पंचाहत्तरीच्या; बोलताना मराठीत निम्मी हिंदी. “वहिनी, पानी भरपूर आहे, फक्त नळाला सुबह लवकर उठावं लागतं,” हे त्यांचे पहिले वाक्य. जात त्यांनी विचारली नाही, कारण आडनावावरून त्यांना ती कळली होती. यात उदारपणाचा भाग किती आणि योगायोगाचा किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. दुसऱ्या आडनावाच्या माणसाला हे घर इतक्या सहज मिळाले असते असे नाही. आजाराविषयी ऐकल्यावर त्या म्हणाल्या, “आमचे हे पाच साल अंथरुणावर होते. याच खोलीत.” कौलारू छप्पर, दोन खोल्या, मागे लहानसे परसू, पुढे ओटा. एक जागा पावसात गळते, ती दिवाळीपर्यंत दुरुस्त करून देण्याचे कबूल केले आहे. करार अकरा महिन्यांचा. सबंध देशात तो अकराच महिन्यांचा का असतो, तर एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदवावा लागतो म्हणून.

गाडीचे बिऱ्हाड वेगळे झाले आहे. गल्लीच्या तोंडापासून चारशे पावलांवर एका एकत्र कुटुंबाचा वाडा होता. भावाभावांचे दावे सुरू असताना तो पडला, आणि कोर्टाचा निकाल होईपर्यंत त्या मोकळ्या जागेवर चुन्याच्या रेघा मारून महिन्याच्या भाड्याने गाड्या उभ्या केल्या जातात. भिंतीचा एक तुकडा अजून उभा आहे, त्यात एक कोनाडा आहे, आणि राखणदार आपली बिडी-काडीपेटी त्या कोनाड्यात ठेवतो. भाडे दर महिन्याच्या एक तारखेला रोख. पावती नाही, करार नाही. गाडीला कोणी तिच्या घरच्या माणसांविषयी विचारले नाही.

सोमवारी आणि गुरुवारी गृहस्थ पहाटे पाचला जाऊन गाडी काढतात व गल्लीच्या तोंडाशी आणून उभी करतात. घरापासून तिथपर्यंत साठ-सत्तर पावले आहेत. आई सुनेचा हात धरून निघते. मध्ये दोन ठिकाणी टेकावे लागते, आणि दोन्ही ठिकाणी ओटे आहेत. पहिला एका शिंप्याचा, त्या वेळी बंद असतो. दुसऱ्या ओट्यावर एक छत्तीसगडी बाई शेगडी पेटवत असतात. त्यांनी पहिल्या महिन्यात काही विचारले नाही. नंतर त्या दोन दिवशी ओट्याच्या कडेला पोते घडी करून ठेवू लागल्या. परतताना, दुपारी बाराच्या सुमारास, हीच पावले जड जातात. एकदा मध्येच पावसाने गाठले तेव्हा शिंप्याच्या मुलाने आईला दुकानात यंत्राशेजारी बसवले आणि ती तिथे अर्धा तास डोळे मिटून होती.

करार मे अखेरीस संपेल. मालकीणबाईंचा मुलगा भिलाईला असतो. ही जागा बिल्डरला द्यावी असे त्याचे म्हणणे आहे, आणि बिल्डरने आखलेल्या नकाशात चार मजले आहेत. बाईंनी अजून सही केलेली नाही. आईने परसात अळू लावले आहे.